कंटाळण्याची नोकरी

४ फेब्रुवारी

धाकट्या मेहुण्याने नोकरीबरोबर ही वहीही दिली. त्याच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाला लाल अक्षरांत छापले आहे, 'थांबला तो संपला'. मी आयुष्यभर थांबण्याचाच पगार खाल्ला, तेव्हा ही ओळ रोज डोळ्यांसमोर असणे काही बरे नव्हे. पण कागद चांगला आहे, शाई फुटत नाही.

माझे काम वजनकाट्यावरचे होते. लाकडाच्या वखारीत ट्रक येई, काट्यावर उभा राही आणि काटा डावीकडे-उजवीकडे डोलत बसे. तो स्थिर होईपर्यंत मी देवाचे नाव घेई. मग आकडा वाचायचा. ही सवय शाळेपासूनची. गावच्या शाळेत एकाच खोलीत चार इयत्ता आणि एकच गुरुजी. आमच्या इयत्तेची पाळी येईपर्यंत गप्प बसणे हाच आमचा मुख्य विषय. गेल्या वर्षी वखारीच्या मालकांनी नवा काटा आणला. तो डोलत नाही, आकडा लगेच दाखवतो. त्याला शेजारी माणूस लागत नाही.

मग बायकोने आपल्या भावाकडे शब्द टाकला. तो म्हणाला, "ताई, भाऊजींना कॉम्प्युटरमधलं काय येतं?"

ही म्हणाली, "काहीही येत नाही."

"छान! मग उद्याच पाठव."

६ फेब्रुवारी

काम समजले. मेहुण्याची कंपनी लोकांच्या वेबसाइट हलक्या आणि चपळ करून देते. साइट उघडायला वेळ लागला की गिऱ्हाईक जाते, असे शास्त्र आहे. कंपनीतल्या मुलामुलींचे फोन नवे आणि नेट जोरकस, त्यामुळे त्यांना सगळेच पटकन दिसते. म्हणून मला तडा गेलेला एक जुना फोन दिला आहे आणि त्याचे नेट मुद्दाम बारीक करून ठेवले आहे. एकेक साइट उघडायची आणि जीव कावला की खालचे लाल बटण दाबायचे. बटणावर लिहिले आहे, 'कंटाळलो'. शेवटी शेरा लिहायचा. शेरा जसाच्या तसा त्या दुकानदाराला जातो.

मी विचारले, "म्हणजे मला कंटाळण्याचा पगार?"

"भाऊजी, तुम्ही आमचं थर्मामीटर!"

आज गाद्यांचे दुकान, दातांचा दवाखाना आणि एक बसकंपनी पाहिली. पान उघडेपर्यंत पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरते. ते फिरू लागले की मी खिशातली माळ काढायचो. संध्याकाळपर्यंत लाल बटण एकदाही दाबावे लागले नाही. पहिल्या दिवसाच्या मानाने काम उत्तम झाले.

१० फेब्रुवारी

बायको हल्ली दुपारची खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे बसते. बाईंचे तिथे कपडे दुरुस्त करून देण्याचे दुकान आहे. हिच्या हातात पहिल्यापासून कला.

आज तिने मला कोणाचा तरी जाडजूड कोट घालायला लावला आणि बाहेरच्या खोलीत, हिरव्या भिंतीपुढे, हात पसरून उभे केले. भिंतीवर जुन्या घड्याळाचा रिकामा खिळा आहे, तो बरोबर माझ्या डोक्यावर येत होता. तोंडात टाचण्या धरून ती बाही टाचत होती आणि त्या टाचण्यांमधूनच गोष्ट सांगत होती. हिच्या गोष्टीचा दोरा नेहमी लांबून ओवला जातो.

"अहो, शिंपीणबाईंची नणंद आली होती. ती नाही का, जिचा नवरा जहाजावर होता. तो नव्हे, थोरल्या नणंदेचा. थोरलीचा तर पतपेढीत. ही धाकटी. तर ती आली ती भलीमोठी पेटी घेऊन. हलू नका! पेटी उघडली, आणि आत—"

तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेले. गोष्ट पेटीपाशी राहिली. कोट कोणाचा, ते बहुधा पुढे येणार होते. परत आल्यावर तिने बाहीच पुरी केली. दोनदा टाचणी टोचली, पण मी डोळे मिटून नाव घेत होतो. त्याच अवस्थेत तिने माझा फोटो काढला. म्हणाली, "असा पुतळा पुन्हा मिळायचा नाही."

१३ फेब्रुवारी

मेहुण्याने खोलीत बोलावून दार लावून घेतले. समोर माझे शेरे.

"भाऊजी, या फुलवाल्याची साइट उघडेपर्यंत फुलं कोमेजतात. तुम्ही लिहिलंय, 'छान. मन शांत झाले.'"

"झालं होतं."

"तो मला विचारतो, मन शांत होतंय तर तुमच्याकडून साइट दुरुस्त कशाला करून घेऊ? आणि हे बघा. अंत्यसंस्काराचं सामान विकणारे. शेरा, 'घाई नाही.'"

मी म्हटले, "आता कसली घाई?"

त्याने कपाळाला हात लावला. मग बराच वेळ समजावले. प्रत्येक धंद्याची घाई वेगळी. कुलूपवाल्याचे गिऱ्हाईक बंद दाराबाहेर उभे आहे आणि आत गॅसवर भाजी आहे. फुलवाल्याचे गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचा वाढदिवस विसरलेला नवरा. दातवाल्याचे गिऱ्हाईक एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने फोन बघते. गाद्यावाल्याचे निदान आडवे तरी असते.

"आणि गिऱ्हाईक भांडत नाही, भाऊजी. भांडलं असतं तर बरं. ते गुपचूप निघून जातं. आलं होतं हेसुद्धा आपल्याला कळत नाही."

महिनाअखेरपर्यंत कंटाळायला शिका, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल, असे तो खाली बघत म्हणाला. नोकरी गेली तर मी सोसेन. पण हिचा शब्द खाली पडेल.

१४ फेब्रुवारी

हिला सांगितले. ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. "इतकी वर्षं मी फुकट शिकवत होते, तेव्हा शिकला नाहीत!"

लगेच शिकवणी सुरू झाली. बोटांनी टेबल वाजवणे. घड्याळाकडे बघून मग माणसाकडे बघणे. सुस्कारा. सर्वांत अवघड ते 'च्च'.

"टाळूवरून नको, दातांमागून काढा. हं. आता त्यात थोडा तिरस्कार घाला. अहो, तिरस्कार, सर्दी नव्हे!"

देवाला मनात सांगितले की हे पोटासाठी आहे.

१८ फेब्रुवारी

पावाच्या दुकानासमोर रांगेत सराव केला. सुस्कारे टाकले. पुढच्या गृहस्थांना वाटले मला दमा आहे; त्यांनी आपली जागा मला दिली. लाज वाटली, पण पाव लवकर मिळाला.

कचेरीत कुलूपवाल्याची साइट काढली. मी दाराबाहेर आहे, आत भाजी आहे, असे मनात घोकले. भाजीचा वाससुद्धा आला. आणि दाबले बटण. शेरा लिहिला, 'भाजी करपली.' मेहुण्याने पाठ थोपटली. पाप केल्यासारखे वाटले. थोडे बरेही वाटले, हे लपवत नाही.

२३ फेब्रुवारी

जमू लागले आहे. गाद्यावाला: 'गादी येईपर्यंत जमिनीवर झोपून उठलो.' बसकंपनी: 'यापेक्षा चालत गेलो असतो तर पोचलो असतो.' कंपनीतली मुले माझे शेरे मोठ्याने वाचतात.

२६ फेब्रुवारी

जेवताना ही म्हणाली, "अहो, शिंपीणबाईंच्या नणंदेचं राहिलंच की. तर ती पेटी. पेटी तशी जुनी, कोपऱ्याला पत्रा—"

मी म्हणालो, "मुद्दा?"

तिने हातातला घास ताटात ठेवला. "ती म्हणत होती, महिनाअखेरपर्यंत सांग—"

"कोणी सांगायचं, कोणाला सांगायचं? थोडक्यात बोल की."

"थोडक्यात? बरं. मीठ द्या इकडे."

जेवण लवकर आटोपले.

२ मार्च

नोकरी पक्की झाली. मेहुणा म्हणतो, शेऱ्यांच्या धाकाने तीन दुकानदार आपण होऊन आले.

माळ हल्ली चहा गार व्हायच्या आत पुरी होते. बोटांना सराव झाला आहे. पूर्वी इतका वेळ कशात जात होता कोण जाणे.

९ मार्च

एक गोष्ट ध्यानात येते आहे. जग फार मंद झाले आहे. नळाला पाणी मंद, लिफ्ट मंद, शेजारचे आजोबा 'काय, कसं काय' म्हणतात तेसुद्धा हप्त्याहप्त्याने. आज मी त्यांच्या 'कसं'नंतरच 'बरं आहे' म्हणून पुढे गेलो.

घरी मात्र सुधारणा आहे. ही पूर्वी जेवणाला गोष्टी वाढायची, आता फक्त जेवण वाढते. जेवण झाले की खाली शिंपीणबाईंकडे जाते. घर कसे हलके आणि चपळ झाले आहे.

१२ मार्च

आज एक नवीन साइट आली. कपडे दुरुस्त करून देणारे कोणी दुकान. मेहुणा फोन हातात देताना कारण नसताना खोकत होता. "भाऊजी, हिचा शेरा अगदी मनापासून लिहा हं."

उघडली. वरून एक फोटो इंच-इंच उतरू लागला. आधी नुसती हिरवट भिंत. मग भिंतीवर एक रिकामा खिळा. मग पुष्कळ वेळ काही नाही. मग खालून कोणाचे तरी टक्कल उगवू लागले. एवढ्यावर मी बटण दाबले.

शेरा: 'सूर्यसुद्धा याहून लवकर उगवतो. दुकान कपड्यांचे, मग या टकल्याचा गिऱ्हाइकाला काय उपयोग? मालकाला दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही. टकल्याला काढा.'

माझ्या आजवरच्या शेऱ्यांत हा सर्वांत जोरदार उतरला आहे.

१४ मार्च

कपडेवाल्या दुकानाचा निरोप आला. मालकीणबाई आहेत. त्या म्हणतात, फोटो काढणार नाही, एकदा शेवटपर्यंत बघा. मी पुन्हा उघडली. भिंत, खिळा, टक्कल. बटण.

शेरा: 'बाईंचा हट्ट समजला. टक्कल तेच आहे.'

१५ मार्च

आज ही आपण होऊन म्हणाली, "काय मग, कुठल्या कुठल्या साइटी बघता हल्ली?" मी तिला टकल्याची हकिकत रंगवून सांगितली. ती बटण शिवत होती. दोरा दातांनी तोडून म्हणाली, "कसं होतं टक्कल?"

"ओबडधोबड. मध्ये जरा खळगा."

"खळगा डावीकडे का उजवीकडे?"

"डावीकडे वाटतं. तुला काय करायचंय?"

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आले आणि ते पुसत पुसतच खाली निघून गेली. तिला माझ्या कामात गोडी वाटू लागली, हे चांगले चिन्ह आहे.

१९ मार्च

रस्त्यात वखारीच्या जमान्यातला एक ट्रकवाला भेटला. म्हणाला, नवा काटा बिघडला आणि सबंध दिवस एकच आकडा दाखवत होता. दोन ट्रकांचे आणि मालकांचे वजन सारखेच भरले. कधी एकदा हिला सांगतो असे झाले. घरी आल्या आल्या चपला काढतानाच सुरू केले, मालकांच्या वजनापर्यंत आलो आणि हसू आले नाही म्हणून वळून बघितले. स्वयंपाकघरात कोणी नव्हते. ताट झाकून ठेवलेले होते. मी ती गोष्ट शेगडीला सांगत होतो.

ती केव्हा खाली गेली, कळले नाही. दुपारी तरी घरात होती का, आठवत नाही.

२२ मार्च

आज जे झाले ते सावकाश लिहितो.

मेहुण्याने सगळ्या दुकानदारांची बैठक बोलावली होती. खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर मोठा पडदा. कुलूपवाला, फुलवाला, दातवाल्या डॉक्टरीणबाई, गाद्यावाला. मागच्या खुर्चीवर आमची ही. भावाची बैठक म्हणून आली असेल असे समजलो.

मेहुणा म्हणाला, "आज शेरे लिहिणारे स्वतः वाचून दाखवतील." मी वाचले. करपलेल्या भाजीवर कुलूपवाला स्वतःच मांडीवर थाप मारून हसला. मला चेव आला. मेहुण्याने शेवटचा कागद पुढे केला, "आता हा." मी टकल्याचा शेरा वाचला. 'सूर्यसुद्धा' म्हणताना हात वर करून दाखवला. सबंध खोली हसली.

"आता ही साइट भाऊजींच्याच फोनवरून पडद्यावर लावतो," मेहुणा म्हणाला. "कोणी बटण दाबायचं नाही. पुरी उतरू द्यायची."

भिंत उतरली. खिळा उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "च्च." त्यांचा 'च्च' माझ्याहून चांगला होता. टक्कल उगवले. लोक टाळ्या वाजवू लागले. टकलाखाली कपाळ आले. कपाळावर ती आडवी खूण, लहानपणी शाळेच्या दाराची लागलेली. मग चष्मा आला. मग मिटलेले डोळे, नाव घेताना अर्धवट उघडे राहिलेले ओठ, जाडजूड कोट, टाचण्यांनी भरलेली बाही, आडवे पसरलेले हात. सगळे पडद्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून पडद्याकडे बघू लागले. सर्वांत शेवटी फोटोखाली दोन ओळी उतरल्या.

'आमच्याकडे माप घाईत घेत नाहीत. हे आमचे यजमान. टाचणी टोचली तरी हलले नाहीत.'

कोणी हसले नाही. गाद्यावाला हळूच म्हणाला, "फोटो मात्र झकास आलाय, साहेब."

मी मागे वळलो. खुर्ची रिकामी होती. गुपचूप गेली होती, कोणाला कळलेही नव्हते.

मेहुण्याचे तोंड उतरले. "भाऊजी, गंमत करायची असंच ठरलं होतं. ती अशी उठून जाईल असं वाटलं नव्हतं. दुकान या एक तारखेपासून तिचंच आहे. ताईने तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगत होती," मी म्हणालो.

वर घरात गेलो नाही, खालीच थांबलो. दुकानावर शिंपीणबाईंची पाटी नव्हती, नवी लागायची होती. ही मशीनवर बसून एका पँटची उंची कमी करत होती. तिने बघितले आणि पुन्हा पायाने मशीन चालू केले. दाराशी एक खुर्ची होती, तीवर बसलो. एक बाई पिशवी देऊन गेली. एक माणूस चेन बदललेले जाकीट घेऊन गेला. माळ काढायला खिशात हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. हे थांबणे देवाच्या खात्यावर घालायचे नव्हते.

पँट संपली. तिने घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"काय काम आहे?"

"नणंदेची गोष्ट राहिलीय."

"लांब आहे ती."

"असू दे."

"थोडक्यात सांगू?"

"नको. पेटीपासून सांग. नाही, जहाजापासून."

"आणि कंटाळलात तर?"

"बटण ऑफिसात राहिलंय."

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिने तो आवरला. आणि मला तसेच बसवून आधी सुईत दोरा ओवला, सावकाश. मग सांगितली.

शिंपीणबाईंची नजर अधू झाली म्हणून धाकटी नणंद त्यांना आपल्याकडे न्यायला आली होती. दुकान दोघींचे. कोणाला द्यायचे यावर बाई म्हणत होत्या हिला, नणंद म्हणत होती आधी हात बघू. तिने पेटीतून आपल्या नवऱ्याचा जहाजावरचा कोट काढला. तो गेल्यापासून कोणी त्याला हात लावला नव्हता. म्हणाली, याची बाही सरळ करून दाखव. जमली तर दुकान तुझं. तो माणूस माझ्याच अंगाचा होता, म्हणून हिने कोट मला चढवला.

"तुम्ही तेव्हा जरा हलला असतात ना," ही म्हणाली, "तर बाही वाकडी गेली असती. नणंदेने कोट बघितला, फोटो बघितला, आणि म्हणाली, असा नवरा असलेल्या बाईला दुकान द्यायला हरकत नाही. पण त्याला विचार, महिनाअखेरपर्यंत सांग."

"मग?"

"मग काय? विचारत होते."

मी खाली बघितले. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे होते, ते गोळा करू लागलो.

"मग शेवटी काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, त्यांचा होकार आहे. फोटोत हात पसरून उभे आहेत, आणखी काय पाहिजे?"

२६ मार्च

मेहुण्याला म्हटले, मी पुन्हा बिघडलो आहे, दुसरा माणूस बघ. तो ऐकेना. शेवटी ठरले की मी फक्त घाईच्या धंद्यांसाठी बसायचे. कुलूपवाला, दातवाल्या, बसकंपनी. तिथे मी बटण दाबतो, पण दाराबाहेरचा माणूस डोळ्यांसमोर आणून दाबतो. त्याची घाई मला समजते. ती घरी मात्र आणायची नाही. दुपारनंतर मी दुकानात, दाराशेजारच्या खुर्चीत.

मेहुण्याने बहिणीच्या साइटवरचा माझा फोटो फुकट हलका करून दिला. साइट आता डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडते. हिने त्याला फोन करून झापले. "पहिल्यासारखा कर! लोक टकलापासून वाट बघतात आणि मग हसत हसत दुकानात येतात." काल एक बाई पँट टाकायला आली आणि तिने मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, फोटोत पुतळाच वाटला होता, हलताना बघून माणूस असल्याची खात्री झाली.

३० मार्च

शेजारच्या आजोबांना आज पुरे 'काय, कसं काय' म्हणू दिले. त्यापुढेही त्यांचे बरेच असते, हे नव्याने कळले.

संध्याकाळी माळ घेऊन बसलो होतो. अर्ध्यावर आलो तेवढ्यात खालून हाक आली, "अहो, ऐका ना! गाद्यावाल्याची मेहुणी आली होती. ती नाही का, जिचं लग्न दोनदा ठरून—"

मणी बोटांत धरून ठेवला आणि जिना उतरलो. तिथे पोचेन तेव्हा ती फार तर दुसऱ्यांदा ठरण्यापर्यंत आली असेल. परत येऊन त्याच मण्यापासून पुढे घेतले. देवाजवळ लाल बटण नसावे.